बोळातली काच

काल संध्याकाळी ती काच तडकलेली होती. आज सकाळी ती अखंड होती. मी मागच्या पायरीवर चहाचा कप घेऊन उभी होते, आणि समोर, बोळाच्या पलीकडे, कडककाकांच्या भिंतीवर ती बोटभर रुंदीची काच ऊन खात निवांत बसली होती, काल काही झालंच नाही अशा थाटात. हाड मोडलं तर सांधतं. काच सांधत नाही, एवढं कळायला कुठली परीक्षा पास व्हावी लागत नाही. आधी वाटलं, कालचा आपल्यालाच भास झाला असेल. दिवसभर लाँड्रीच्या वाफेत उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे रेघा येतातच. मग कप पायरीवर ठेवला, अनवाणीच बोळात उतरले आणि काचेला नाक लावून बघितलं. नवी होती. कडा हिरवट, बोटाला लागतील अशा. दोन्ही टोकांचं सिमेंट गडद, ओलसर, आणि ते सुरीने कडेकडेने कापून इतकं साफ केलेलं, की हे काम कुणाचं हे विचारायची गरजच नव्हती. आधीच्या गोळ्यावर गवंड्याचा अंगठा उमटलेला होता. इतके आठवडे मी तो रोज बघत होते. तो आता नव्हता.

ती काच पालिकेच्या इंजिनियरबाईंनी लावून घेतली होती. काकांच्या त्या भिंतीला वरच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली तिरकी भेग गेली आहे. बाईंनी भेगेच्या दोन्ही काठांवर सिमेंटचा एकेक गोळा बसवून घेतला आणि मध्ये आडवी काच रोवली. युक्ती साधी आहे. भेग जुनी, थांबलेली असेल तर काच तशीच राहते. भिंत आतून अजून सरकत असेल तर भेग केसभर रुंदावते, काच ते सोसत नाही, तडकते. काच तडकली की त्या घरात राहायचं नाही. "समोर कोण राहतं?" असं बाईंनी विचारलं तेव्हा गल्ली समितीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग तुम्ही रोज एक नजर टाकायची. तडकली की लगेच मला फोन." समितीचे अध्यक्ष अर्थातच काका. ते म्हणाले, "ही बघेल. हिला मागच्या दारात उभं राहायची सवयच आहे." लोक हसले. मीही हसले. त्यांच्या घराची नाडी त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या हातात दिली होती, आणि ते त्यांना कळलंही नव्हतं. त्या दिवशी मी घरी आले ती जवळजवळ गुणगुणतच.

काल तडकलेली दिसली तेव्हा मी फोन केला नाही. का केला नाही? कारण आज त्या येणारच होत्या. पालिकेची ती 'नेटकी गल्ली' नावाची योजना आहे. रहिवासी आणि अधिकारी मिळून घरं बघतात, काय दुरुस्त करायचं ते ठरवतात, चांगल्या गल्लीला रंगासाठी मदत मिळते आणि तोंडाशी पाटी लागते. काकांना ती पाटी हवी आहे. दुसऱ्या माणसांना नातवंडं हवी असतात तशी. आज परीक्षक येणार, बाई येणार, सगळी गल्ली धुतलेले कपडे घालून दारात उभी राहणार, आणि त्या सगळ्यांदेखत मी बोट दाखवणार होते. फोनवर सांगितलं असतं तर कुणी बघितलं असतं काकांचं तोंड? मला ते तोंड हवं होतं. ती एक रात्र मी उशाखाली मिठाई ठेवल्यासारखी सांभाळली. नवरा बस चालवतो, त्याला पहाटे उठावं लागतं, तो झोपेत म्हणाला, "काय झालंय, कूस का बदलतेस?" मी म्हटलं, काही नाही, आनंद झालाय. "बरं," म्हणाला आणि घोरायला लागला.

आणि आता या माणसाने काच बदलून टाकली होती. माझा घास पळवला होता. मी बोळात अनवाणी उभी, तळव्यांना गार फरशी लागत होती, आणि मला इतका राग आला की हसू आलं. कारण काकांनी ती का बदलली हे मला लख्ख कळलं. लपवाछपवी करायला नाही. त्यांना तेवढी अक्कल... म्हणजे तेवढी बनवाबनवी त्यांच्यात नाहीच. तुटकी काच वाईट दिसते म्हणून बदलली. पाहुणे यायच्या आधी माणूस फुटका कप मागे सरकवतो तशी. ज्या वस्तूचं काम फक्त तुटणं एवढंच होतं, ती त्यांनी तुटली म्हणून फेकून दिली आणि नवी आणून बसवली. पहाटेच बसवली असणार. मी त्यांच्या जागी असते तर मीही... नाही. मी त्यांच्या जागी कधीच नसते.

कडक हे नाव आमच्या लाँड्रीत पडलं. मी काउंटरवर असते. कपडे घेते, कॉलरला चिठ्ठी टाचते, मागे देते, घडी झाली की कागदात बांधते. मागे भट्टी, दोन इस्त्रीवाले, आणि वाफ. वाफेचा तो ओला, किंचित जळका वास केसांतून जात नाही. आई म्हणायची, तू आलीस की मला न बघता कळतं. काका शर्ट घेऊन यायचे आणि म्हणायचे, "कडक हं. एकदम कडक." मागून इस्त्रीवाला ओरडायचा, "आले का कडक?" पुढे मी या गल्लीत राहायला आल्यावर ते नाव माझ्याबरोबर आलं आणि गल्लीने उचललं. त्यांच्या तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्यांना माहीत आहे, आणि मला वाटतं, आवडतं. मी त्यांच्या कॉलरच्या आतल्या बाजूला खळ जरा जास्त लावायला सांगते. बाहेरून दिसत नाही. समितीच्या बैठकीत ते बोलत असतात, पागोळीचं पाणी, कुंड्यांची रांग, कचऱ्याचा डबा, आणि मधूनमधून मान घासतात. तेवढ्यावर मी दिवस काढले आहेत. हसू नका. सूड म्हणजे दर वेळी काही आग लावायची नसते.

हे घर आईचं. ती इथे एकटी राहायची, बोळाच्या अलीकडे, आणि काका-काकू पलीकडे. आईच्या पुढच्या भिंतीवर वेल होता, तेलाच्या गंजक्या डब्यांत लावलेला. कठड्याचा एक गज सैल होता. मागच्या खोलीत ओल होती. ज्या घरात म्हातारं माणूस एकटं राहतं तिथे असतं तेवढंच. पण रस्त्यावरून बघणाऱ्याला आधी आईचे गंजके डबे दिसायचे आणि मग काकांची पांढरी भिंत, आणि ते काकांना खुपायचं. तेव्हा ही योजना नवी होती. अधिकाऱ्यांबरोबर फिरायला एक रहिवासी लागायचा, काका पुढे झाले. हातात खडू. जिथे ते बोट दाखवायचे तिथे साहेब मान हलवायचे, आणि काका फुली मारायचे. आईला वाटलं पाहुणे आलेत, तिने ट्रेमध्ये पाणी आणलं. फिरताफिरता काकांच्या बुटाची नाडी सुटली. "धरा जरा," असं म्हणून त्यांनी खडू आईच्या हातात दिला. आईने धरला. नाडी बांधून झाल्यावर तिने तो पदराने पुसून परत दिला, आणि त्यांनी त्याच खडूने तिच्या दारावर फुली मारली. हे मला आईनेच सांगितलं. हसत सांगितलं. बोटं पुढे करून म्हणाली, बघ, पांढरी झाली होती.

मग नोटीस आली. दुरुस्ती होईपर्यंत घरात राहायचं नाही. काका स्वतः आले, पेटी उचलायला हात लावला, आणि म्हणाले, "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, आजी. होऊन जाईल." आई माझ्याकडे आली. आमचं घर तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. एक खोली, एक स्वयंपाकघर. तिला फ्रिजच्या शेजारच्या सोफ्यावर झोपवलं. फ्रिज मधूनच घरघरायचा, थांबायचा, आणि थांबताना असा थरथरायचा की सोफाही हलायचा. आई म्हणायची, याला थंडी वाजते वाटतं. घराची किल्ली तिने रुमालाच्या गाठीत बांधून ठेवली होती. झोपेतसुद्धा मूठ सुटत नसे. आणि रोज सकाळी, मी कामावर निघताना चपलेत पाय घातला, की मागून तिचा आवाज यायचा. "विचारलंस का गं? झालं का घर?" चपलेत पाय आणि तो प्रश्न, दोन्ही एकदमच. मी लाँड्रीतून काकांना फोन करायचे. "होऊन जाईल," ते म्हणायचे. त्यांचं 'होऊन जाईल' नीट बंद होणाऱ्या कपाटासारखं आहे. खट्ट. कुठे फट नाही, कुठे बोट घालायला जागा नाही. मी रागावले तरी तेच, रडले तरी तेच, वॉर्ड ऑफिसात जाऊन बसले तर तिथला साहेब म्हणाला, तुमच्या अध्यक्षांशी बोला, त्यांचा दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. क्रम! त्यांच्या क्रमात आईच्या घराआधी गल्लीच्या तोंडाची कमान होती.

काकू मात्र यायच्या. दोन बस बदलून, डब्यात काहीतरी गरम घेऊन. सोफ्याच्या कडेला बसून आईचे पाय चेपायच्या. निघताना मला म्हणायच्या, "यांना कळू देऊ नकोस हं. दाताच्या डॉक्टरकडे गेलेय म्हणून सांगितलंय." इतक्या वेळा आल्या, की काकांच्या हिशेबाने काकूंच्या तोंडात एकही दात शिल्लक राहिला नसता. आई त्यांनाही विचारायची, झालं का हो घर? काकू तिच्या पायांकडे बघत राहायच्या. त्या कधी होऊन जाईल म्हणाल्या नाहीत, हे मी विसरले नाही. एका सकाळी मी चपलेत पाय घातला आणि थांबले. मागून काही आलं नाही. फ्रिज थरथरून थांबला. मी वळले नाही. वळायच्या आधीच मला कळलं होतं. रुमालाची गाठ सोडवायला मला दात लावावे लागले.

नंतर घर झालं. एक सुतार, एक गवंडी, आठवडाही लागला नाही. वेल काढून टाकला होता. तुला तिथे राहायला का जायचंय, नवऱ्याने विचारलं, मला डेपो लांब पडेल. मी म्हटलं, आईचं घर आहे. "तुला घर हवंय की शेजारी?" तो म्हणाला. बस चालवणारी माणसं आरशातून मागचं सगळं बघत असतात. दुरून राग धरता येत नाही, तो हळूहळू आठवण होतो, आणि आठवणीला दात नसतात. मला तो ताजा हवा होता, बोळापलीकडे, रोज सकाळी दाढी करताना खाकरणारा. मी समितीत गेले. काकांना वाटलं, आईच्या बाबतीत झालं गेलं विसरून पोरगी पुढे आली. तसं त्यांनी बैठकीत बोलूनही दाखवलं.

तर आज, त्या नव्या काचेसमोर अनवाणी उभी असताना, राग ओसरला आणि त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. गार. आता मला काही करायचंच नव्हतं. बोट दाखवायचं नाही, फोन नाही. फक्त गप्प राहायचं. बाई येतील, अखंड काच बघतील, भेग मेली म्हणतील, फाईल बंद करतील. आणि भिंत तर सरकतेच आहे. काकांची खाट त्या भिंतीला लागून आहे. त्यांची खोकल्याची उबळ मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते. स्वतःच्या टापटिपीने त्यांनी स्वतःला त्या भिंतीखाली नेऊन निजवलं होतं. मी आंघोळ केली, केस बांधले, आणि सगळा वेळ माझ्या मनात ती भिंत पडत होती. मोठी हुशारीने पडत होती. काकू नेमक्या पुढच्या खोलीत असायच्या, माझ्या घरावर एक खडाही यायचा नाही, धूळसुद्धा दुसरीकडे जायची. फक्त खाट. मी आरशात बघितलं तर माझा चेहरा शांत होता, छान दिसत होता. मला माझी भीती वाटली नाही. वाटायला हवी होती, असंही वाटलं नाही.

दुपार व्हायच्या आत सगळे आले. परीक्षक दोघे, इंजिनियरबाई, समितीची मंडळी. काकांचा शर्ट कालच आमच्याकडून गेलेला, कागदासारखा कडक. पुढची दारं, कुंड्या, गटाराची झाकणं झाली, आणि मग सगळे बोळात आले. पलीकडच्या खिडकीत काकू पडदा धरून उभ्या. मी माझ्या पायरीवर. इंजिनियरबाई घाईत होत्या, फोन दोनदा वाजून गेला होता. त्यांनी काचेकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"वा! टिकली की. मला जरा धाकधूकच होती."

"आमच्या गल्लीत तुटकं काही राहत नाही, मॅडम," काका म्हणाले.

सगळे हसले. परीक्षकांपैकी एकाने तर टाळीच वाजवली. काका खरं तेच बोलले होते, शब्दन् शब्द खरा, आणि ते ऐकणारी त्या बोळात मी एकटीच होते. बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही रोज बघत होतात ना? सगळं ठीक होतं? मग मी बंद करून टाकते हे प्रकरण." काचेवर ऊन होतं. ओलं सिमेंट वाळत आलं होतं, संध्याकाळपर्यंत ते जुन्यासारखंच दिसलं असतं. खिडकीत काकूंनी पडदा जरा बाजूला केला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"ठीक होतं," मी म्हणाले.

इतकं सोपं होतं ते. जीभ हलकी झाली, कानात वाफेच्या नळीसारखं काहीतरी सुटलं. बाई फोनमध्ये काहीतरी टिपून निघायला वळल्या. आणि काका माझ्या पायरीपाशी आले, त्यांच्या शर्टाच्या खळीचा वास मला आला, आमच्याच खळीचा, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मनापासून थोपटलं, खोटं करायला त्यांना येतच नाही, हाच तर त्रास आहे. "आईची लेक शोभतेस," ते म्हणाले, आणि मग परीक्षकांना ऐकू जाईल अशा आवाजात, "हिची आई होती इथे. फार समजूतदार बाई. योजनेसाठी घर सोडायचं म्हटलं तर एका शब्दाने कुरकुर नाही. मुकाट्यानं गेली हो."

मुकाट्यानं. चपलेत पाय, आणि मागून तो आवाज. विचारलंस का गं. रोज. उन्हात, थंडीत, ताप असताना, बोलायला त्रास होत होता तेव्हा नुसत्या भुवया वर करून. मुकाट्यानं? मी गप्प राहून या माणसाला आईचीच गप्प राहिलेली मुलगी म्हणून मिरवायला देत होते. उद्या ती भिंत पडली असती तर लोक म्हणाले असते, बिचारे, नशीब. नशीब! त्यात मी कुठे असते? त्यात आई कुठे असती? माझं डोकं तापलं. इतकी वर्षं सांभाळलेला राग असा अंधारात, कुणाला न कळता वाया जाऊ द्यायचा? मी पायरी उतरले.

"मॅडम, थांबा. आत्ता मी खोटं बोलले." माझा आवाज चढलाच होता. "काच काल संध्याकाळी तुटली होती. मधोमध. ही दुसरी आहे." मी सिमेंटमध्ये नख रोवलं. ते आत गेलं, आणि बाहेर काढलं तेव्हा नखावर ओला गारा होता. तो मी बाईंच्या पुढे धरला. "हे बघा. आजचं आहे."

बाई परत आल्या, सिमेंटला बोट लावलं, आणि काकांकडे बघितलं. काका गोंधळले. चिडले सुद्धा नाहीत, आधी नुसते गोंधळले.

"मग? तुटली म्हणून बदलली," ते म्हणाले. "आज पाहुणे येणार, तुटकी काच दाखवायची का? माझ्याकडे काचेचा तुकडा होता, पहाटे उठून स्वतः बसवली. चांगली सरळ बसलीय. त्या गवंड्याने तर वाकडी लावली होती."

खिडकीतला पडदा सुटला आणि आत ओढला गेला. बाईंनी अगदी हळू विचारलं, "तुम्ही झोपता कुठे, काका?"

"इथंच. या भिंतीला लागून. का?"

"आजपासून नाही," बाई म्हणाल्या.

तेव्हा मला ते तोंड बघायला मिळालं. रंग एकदम उतरत नाही, तो खालून, कॉलरपासून वर जातो. त्यांनी काचेकडे बघितलं, भेगेकडे बघितलं, ती वरच्या खिडकीपर्यंत जाते हे जणू पहिल्यांदाच बघितलं, आणि हात मानेकडे गेला. मी पोटभर बघितलं. दुपारी नोटीस आली, आणि ती दारावर नीट बसत नव्हती म्हणून काकांनीच तिचा कोपरा दाबून सरळ केला. मुलाचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. तो गाडी घेऊन आला. काकू पिशवी घेऊन बसल्या, माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि ते मला लागलं, खोटं कशाला बोलू. काका गाडीचं दार धरून उभे राहिले. बाई फोनवर होत्या. म्हणून त्यांनी मला विचारलं.

"किती दिवस लागतील गं?"

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, काका," मी म्हणाले. "होऊन जाईल."

त्यांना ते ओळखू आलं नाही. स्वतःचे शब्द कुणाला ओळखू येतात? पण मला चालत होतं. दिवसभर ती गोडी माझ्या तोंडात होती. रात्री नवरा म्हणाला, गल्लीत सगळे म्हणतायत, तू त्यांचा जीव वाचवलास. हा आळ मला अजून झटकता आलेला नाही. लोक रस्त्यात थांबवून कौतुक करतात, आणि मी त्यांना काय सांगू? की मी वाचवायला निघालेच नव्हते, तो माझ्या रागाच्या झटापटीत मधेच वाचला?

पुढे पालिकेने काकांच्या मागच्या अंगणात खणलं. सगळी माती त्यांनी कधीच फरशीखाली घातली होती, चिखल दिसू नये म्हणून. आणि त्या गुळगुळीत फरशीखाली फुटका नळ पायाला पाणी पाजत बसला होता. नळ दुरुस्त झाला, पाया भरला, पण त्यालाही क्रम होता, आणि तो क्रम वॉर्ड ऑफिसचा. हे घर, ते घर, मधेच दुसरी गल्ली. पाटी दुसऱ्याच गल्लीला मिळाली. भिंत थांबली का ते बघायला बाईंनी परत काच लावली. तोच गवंडी, तोच अंगठा, थोडी वाकडीच. आणि बघायला परत मीच. "या आठवड्यात टिकली तर त्यांना यायला परवानगी देते," बाई म्हणाल्या. "तडकली तर परत सगळं पहिल्यापासून. तुम्ही मला कळवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ढवळता ढवळता बोळात उतरले. काच अखंड होती. खरीच अखंड. माझ्या हातात चमचा होता, आणि मी त्याचा दांडा त्या काचेवर टेकवला. ती गार होती, आणि फार पातळ. एक टिचकी पुरली असती. सगळं पहिल्यापासून, आणखी एक हिवाळा मुलाच्या घरी, परक्या सोफ्यावर, परक्या फ्रिजशेजारी. कुणाला कळलं नसतं. ते काच बदलू शकतात तर मी का नाही? मी तशीच उभी होते, चमचा टेकवून, तेवढ्यात फोन वाजला. काकू होत्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"कशी आहेस गं?" आवाज खाली घेतलेला. मग, "झालं का घर?"

माझ्या तोंडात तयारच होतं ते. 'होऊन' एवढं तर बाहेरही पडलं, आणि ते माझ्या आवाजात नव्हतं. खट्ट. मी चमचा खाली घेतला. काकूंच्या मांडीवर मला आईचे पाय दिसले.

"काच टिकलीय, काकू," मी म्हणाले. "आत्ता समोरच उभी आहे. मी मॅडमना कळवते. आठवड्याभरात याल."

"खरं सांगतेस?"

"खरं."

"यांचं काय झालंय माहितीये?" काकू हळूच म्हणाल्या. "शर्टाला इस्त्री करत नाहीत. नुसते बसून असतात. मी जरा बाहेर निघाले, चपलेत पाय घातला, की मागून विचारतात. विचारलंस का, झालं का घर. रोज. अगदी तुझ्या आईसारखं."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी हसेन. इतकी वर्षं मी याचसाठी बोळापलीकडे राहिले होते. मी पायरीवर बसले. पायरी उन्हाने तापली होती.

"मग सांगा त्यांना," मी म्हणाले. "आत्ता सांगा."

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला. मग लांबून काकांचा आवाज आला, बारीक, मी ओळखला नसता असा. "कुणाचा फोन आहे? घराचा आहे का? झालं का घर?"

फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला, पण नीट ठेवला गेला नव्हता. मला सगळं ऐकू आलं.

"नाही हो," काकू म्हणाल्या. "दाताच्या डॉक्टरांचा आहे."